वेशीवर अडलेली पोटगी

पोटगीचा आदेश मिळविणे आणि पोटगी प्रत्यक्ष पदरात पडणे, या आपल्या देशात दोन वेगवेगळ्या लढाया आहेत. पहिली लढाई पत्नीला आपल्या गावच्या न्यायालयात लढता येते. दुसरी मात्र पती जेथे असेल तेथपर्यंत न्यावी लागते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पत्नीला ती राहते तेथेच अर्ज करण्याची मुभा दिली होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम १४५ मध्ये हीच सवलत आईवडिलांनाही दिली. तोपर्यंत वृद्ध पित्याला मुलाच्या गावी जाऊन दाद मागावी लागत असे. आदेशाचा दरवाजा अशा रीतीने घराजवळ आला, हे स्वागतार्हच आहे. वसुलीचा दरवाजा मात्र होता तेथेच राहिला.

स्थलांतराच्या काळात या विसंगतीची किंमत वाढत जाते. दिल्लीत बदलून आलेला अधिकारी, गुरुग्रामच्या कंपनीतील अभियंता, विटा-खानापूर भागातून देशभर पसरलेला गलाई कारागीर, आखातात किंवा बोटीवर गेलेला कोकणी तरुण, न्यू जर्सीत स्थायिक झालेला पुणेकर असा मराठी कुटुंबांचा विस्तार आज झाला आहे. यांपैकी बहुतेक जण आपली जबाबदारी निमूटपणे पार पाडतात. जे पाडत नाहीत, त्यांच्यासाठी अंतर हेच सर्वांत भक्कम संरक्षण ठरते.

कागदावर पाहता देशांतर्गत अडचण असू नये. नव्या संहितेच्या कलम १४७ नुसार पोटगीचा आदेश, देणेकरी ज्या ठिकाणी असेल तेथील कोणत्याही दंडाधिकाऱ्याला अंमलात आणता येतो. थकबाकीसाठी दंडवसुलीप्रमाणे वॉरंट निघते आणि तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. प्रत्यक्षात मात्र साताऱ्याहून निघालेले वॉरंट परराज्यातील पोलीस ठाण्यात पोहोचते, तेव्हा तेथील कामांच्या यादीत त्याचे स्थान शेवटचे असते. पत्ता बदललेला असतो, वॉरंट बजावणीविना परत येते आणि पुढची तारीख पडते. शिवाय रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करण्याची अट आहेच. म्हणजे ज्या स्त्रीपाशी पैसे नाहीत म्हणून न्यायालयाने आदेश दिला, तिनेच पदरमोड करून वर्षानुवर्षे त्या आदेशाचा पाठपुरावा करावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

दिवाणी मार्गाची कथा अधिक उद्बोधक आहे. एरवी सावकाराच्या किंवा बँकेच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार केवळ एक-तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. उरलेला दोन-तृतीयांश जप्त होऊ शकतो. कुटुंबाचे देणे हे इतर देण्यांहून वरचे, हा त्यामागील विचार निःसंदिग्ध आहे. पण हा विचार वेशीपाशी अडखळतो. संहितेच्या आदेश २१ मधील नियम ४८ शासकीय सेवक, रेल्वे, स्थानिक संस्था व सरकारी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना लागू आहे. त्याखाली, आहरण व संवितरण अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असो वा नसो, पगारकपातीचा आदेश थेट त्याच्याकडे पाठविता येतो. त्याने तो डावलून पगार दिला, तर त्या रकमेची जबाबदारी शासनावर येते. खासगी नोकरांसाठी १९७६ च्या दुरुस्तीने नियम ४८-अ आला. त्यात मात्र पगार देणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. परिणामी पुण्याच्या न्यायालयाचा आदेश नॉर्थ ब्लॉकमधील लिपिकाच्या पगारापर्यंत सरळ पोहोचतो, गुरुग्राममधील कंपनीच्या व्यवस्थापकाच्या पगारापर्यंत मात्र पोहोचत नाही. तेथे हुकूमनामा वर्ग करा, नवी दरखास्त दाखल करा, नवा वकील नेमा, असा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. ज्याचा पगार अधिक, त्याच्यापर्यंत कायद्याचा हात आखूड, असा हा प्रकार आहे.

ही उणीव संसदेच्या ध्यानात आलीच नव्हती, असे म्हणता येणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २७ नुसार त्याखालील आदेश संपूर्ण भारतात अंमलात आणण्याजोगा आहे. कलम २० नुसार प्रतिवादीने रक्कम न दिल्यास ती त्याच्या वेतनातून थेट पीडितेला देण्याचे निर्देश दंडाधिकारी मालकाला देऊ शकतो. साधी व उपयुक्त अशी ही तरतूद १८ वर्षांनी फौजदारी प्रक्रियेची संहिता नव्याने लिहिताना पोटगीच्या प्रकरणात सहज उतरविता आली असती. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी बाकांवरील अनेक सदस्य निलंबित असताना ती संहिता दोन्ही सभागृहांनी संमत केली आणि वसुलीचे जुने कलम जवळजवळ शब्दशः नव्या क्रमांकाखाली पुढे चालू राहिले. तत्पूर्वी, ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात न्या. इंदू मल्होत्रा व न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि आदेशाची वसुली पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही करावी, असे मार्गदर्शन केले होते. न्यायालयाने आपल्या अधिकारात शक्य तेवढे केले. नियमातील हद्दीची अट काढणे हे त्याच्या निकालाने होण्यासारखे काम नव्हते.

देशाची सीमा ओलांडली की परिस्थिती आणखी बिकट होते. पोटगीच्या परस्पर वसुलीसाठी भारताने १९२१ मध्ये केलेला कायदा ब्रिटिश साम्राज्यातील प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. एका प्रदेशातील आदेशाची प्रमाणित प्रत शासनामार्फत दुसऱ्या प्रदेशात जावी आणि तेथील न्यायालयाने ती नोंदवून वसुली करावी, हे त्याचे तत्त्व आजही निर्दोष आहे; फक्त त्याचा नकाशा जुना आहे. परकीय हुकूमनामे थेट अंमलात आणणाऱ्या दिवाणी संहितेच्या कलम ४४-अ खाली ब्रिटन आहे, जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातही आहे. पण अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया नाहीत. सुशिक्षित मराठी तरुण ज्या देशांत मोठ्या संख्येने गेला, त्यांतील तीन प्रमुख देश असे या व्यवस्थेबाहेर आहेत. भारतीय न्यायालयाचा आदेश अमेरिकेत मान्य होतो की नाही, हे तेथील राज्याच्या न्यायालयाच्या सौजन्यावर अवलंबून राहते. भारतीय हुकूमनामे परदेशांत परस्परतेच्या तत्त्वावर अंमलात यावेत आणि पतीच्या देशातील व परदेशातील मालमत्तेतून पत्नीला पुरेशी पोटगी मिळावी, असा कायदा करण्याची सूचना सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये केली होती. तीन दशके उलटूनही ती सूचनाच राहिली.

या काळात संसद स्वस्थ बसली होती असे नाही. महिला सक्षमीकरण समितीने २००७ मध्ये परदेशस्थ पतींनी टाकलेल्या स्त्रियांच्या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल दिला. २००९ मध्ये विधि आयोगाने २१९ वा अहवाल सादर केला. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणीचे विधेयक राज्यसभेत मांडले. स्थायी समितीने त्यावर मार्च २०२० मध्ये अहवाल दिला. तथापि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेची मुदत संपेपर्यंत त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधि आयोगाने २८७ व्या अहवालात पोटगीसह सर्व बाबींचा समावेश असलेल्या केंद्रीय कायद्याची शिफारस केली. २०१९ च्या विधेयकाचा भर तीस दिवसांत विवाहनोंदणी, संकेतस्थळावरून समन्स आणि पासपोर्ट जप्त करणे यांवर होता. या तरतुदी निरुपयोगी नाहीत. पण पासपोर्ट जप्त केल्याने माणूस अडतो, मुलाची शाळेची फी त्याने भरली जात नाही. शिक्षेचा धाक आणि पैशाची वसुली यांत फरक आहे आणि आपल्या चर्चेत तोच वारंवार निसटतो.

वसुलीसाठी बनलेली व्यवस्था जगात तयार आहे. अपत्यांच्या व कुटुंबीयांच्या निर्वाहाच्या आंतरराष्ट्रीय वसुलीचा हेग करार २३ नोव्हेंबर २००७ रोजी झाला आणि १ जानेवारी २०१३ पासून अंमलात आला. युरोपीय संघ व ब्रिटन त्यात आहेत; १ जानेवारी २०१७ पासून तो अमेरिकेलाही लागू आहे. प्रत्येक देशात एक मध्यवर्ती प्राधिकरण असावे, अर्जदाराने आपल्याच देशातील प्राधिकरणाकडे जावे, पुढील पत्रव्यवहार, देणेकऱ्याचा शोध व वसुली यांसाठी दोन्ही देशांच्या यंत्रणांनी सहकार्य करावे, असे त्याचे स्वरूप आहे. अपत्याच्या निर्वाहासाठीच्या अर्जाला बहुतांशी मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. अपत्य नसलेल्या पत्नीला मात्र या प्राधिकरणाचे साहाय्य आपोआप मिळत नाही, ही त्यातील उणीव आहे. भारत २००८ पासून हेग परिषदेचा सदस्य आहे, पण या करारात तो सामील झालेला नाही.

त्यास घेतला जाऊ शकणारा आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. परस्परता म्हणजे परदेशी न्यायालयांचे आदेशही येथे वसूल करावे लागतील. परदेशातून परतलेल्या भारतीयाविरुद्ध तेथे एकतर्फी आदेश झाला असेल तर काय, असा प्रश्न विचारला जाईल. परंतु सूचना न देता झालेला किंवा सार्वजनिक धोरणाशी उघड विसंगत असलेला आदेश नाकारण्याची मुभा कराराने दिली आहे आणि आपल्या दिवाणी संहितेचे कलम १३ हेच सांगते. दुसऱ्याच्या मुलाची पोटगी वसूल करण्याची तयारी नसेल, तर आपल्या मुलाची पोटगी दुसऱ्याने वसूल करावी ही अपेक्षा धरता येणार नाही.

मात्र करारापूर्वी घरची दुरुस्ती आवश्यक आहे. अमेरिकेत एका राज्याचा वेतनकपातीचा आदेश दुसऱ्या राज्यातील मालकाकडे, मधल्या न्यायालयात नोंदणी न करता, थेट पाठविता येतो. मग एकाच संहितेखाली चालणाऱ्या आपल्या देशात पुणे आणि गुरुग्राम यांच्यामध्ये भिंत का असावी? नियम ४८-अ मधील हद्दीची अट पोटगीपुरती काढून टाकण्यास फार मोठ्या विधेयकाची गरज नाही. प्रथम अनुसूचीतील नियम बदलण्याचा अधिकार कलम १२२ ने उच्च न्यायालयांनाही दिला आहे. नागरिक सुरक्षा संहितेत २००५ च्या कायद्यातील वेतनकपातीची तरतूद उतरविणे ही दुसरी पायरी. पगार नसलेल्या व्यावसायिकाचे काय, याचे उत्तर दंडवसुलीच्या तरतुदीत आधीच आहे. ही थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल होऊ शकते. गलाई कारागीर कोईमतूरला असला तरी त्याचा सातबारा खानापुरातच असतो. हा अधिकार वापरण्यासाठी नवा कायदा लागत नाही. पोटगीचे वॉरंट ही महसुली कामातील ब्याद नव्हे, तर एका घराच्या चुलीचा प्रश्न आहे, एवढी जाणीव प्रशासनाला असली तरी पुरे.

पोटगी हे दर महिन्याचे देणे आहे. तिच्यात झालेला विलंब नंतर एकरकमी भरून निघत नाही, कारण मुलाचे ते वर्ष परत येत नसते. आदेश देऊन राज्यसंस्थेचे कर्तव्य संपते, ही समजूत सोडून वसुली हेही तिचेच काम मानले, तरच पहिल्या लढाईत मिळालेल्या न्यायाला अर्थ राहील.