विश्लेषण : गोळ्याच मिळत नाहीत, म्हणून जुने रिव्हॉल्व्हर निर्धोक? ब्रिटनला नियम का बदलावे लागले?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, पण चालू स्थितीतले रिव्हॉल्व्हर विनापरवाना घरात ठेवता येते का? ब्रिटनमध्ये अनेक प्रकारांबाबत ते शक्य होते. २०२१ मध्ये मात्र तिथल्या सरकारने ही सवलत आवळली. त्यामागचे कारण रिव्हॉल्व्हरपेक्षा त्याच्या काडतुसात दडलेले आहे.

सवलत नेमकी काय होती?

ब्रिटनच्या १९६८ च्या शस्त्र कायद्यातील कलम ५८(२) नुसार, शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन शस्त्राला परवाना लागत नाही. पण ‘पुरातन’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नव्हती. गृह खात्याच्या मार्गदर्शक सूचनांत ‘कालबाह्य’ काडतुसांची यादी असे. त्यामागचा तर्क साधा होता. काडतूसच मिळत नसेल, तर शस्त्राचा धोका कसला?

मग बिघडले कुठे?

काडतूस म्हणजे पितळी कवच, दारू, गोळी आणि तळाशी ठिणगी पाडणारी टोपी. कारखान्याने उत्पादन थांबवले, तरी हे काडतूस पुन्हा बनवण्याचे ज्ञान संपत नाही. हौशी नेमबाजांसाठी ते पुन्हा बनूही लागते. एकोणिसाव्या शतकातले .४४ रशियन हे काडतूस अमेरिकेतल्या काउबॉय पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांमुळे पुन्हा बाजारात आले.

गुन्हेगारांनीही ही फट हेरली. जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसे बनवून टोळ्यांना पुरवणाऱ्या एका परवानाधारक विक्रेत्याला ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याशी संबंधित काडतुसे शंभरहून अधिक गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडली होती.

नवे नियम काय सांगतात?

२२ मार्च २०२१ पासून ‘पुरातन’ची व्याख्या कायदेशीर झाली. शस्त्र १ सप्टेंबर १९३९ पूर्वीचे असणे बंधनकारक झाले. .४४ रशियन, .४१ कोल्ट, .३२० ब्रिटिश यांच्यासह सात काडतुसे यादीतून वगळली गेली. अशी शस्त्रे बाळगणाऱ्यांना परवाना घेण्यासाठी किंवा शस्त्राची विल्हेवाट लावण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली.

याची झळ प्रामाणिक संग्राहकांनाही बसली. शिवाय मूळ प्रश्न उरतोच. यादीतले एखादे काडतूस उद्या पुन्हा बनू लागले, तर यादी पुन्हा बदलावी लागेल.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे कसोटी वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ४५(क) अन्वये जुन्या धाटणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे. मात्र ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये, अशी अट आहे. म्हणजे इथे पाहिले जाते ते शस्त्र चालू शकते की नाही; त्याचे काडतूस दुकानात मिळते की नाही, हे नव्हे. म्हणूनच आजोबांच्या काळातले रिव्हॉल्व्हर घरात सापडले, तर ‘याच्या गोळ्या आता मिळतच नाहीत’ एवढ्यावर निश्चिंत राहता येणार नाही.