वेशीच्या आतली बातमी

अमेरिकेच्या अध्यक्षाने काल काय फर्मावलं, हे पारावर बसलेल्या कुणालाही विचारा, खडान्‌खडा सांगेल. आता त्यालाच विचारा, आपल्या नगरपालिकेच्या पाणीयोजनेचा ठेका कुणाला मिळाला? जिल्हा परिषदेने शाळेच्या गळक्या छपरासाठी किती पैसे मंजूर केले? तो आपल्या तोंडाकडे बघत राहील. जगाची खबर खिशात आणि वेशीच्या आत अंधार, अशी आपली गत झाली आहे. चॅनेलवाल्यांना चार शिव्या हासडून आपण मोकळे होतो. पण बंधूंनो, भगिनींनो, बातमी न देणाऱ्याइतकाच ती न मागणाराही दोषी असतो.

जरा मागे वळून बघा. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पाठोपाठ राज्यातल्या कितीतरी महापालिका, जिल्हा परिषदा, पंचायत समित्या प्रशासकांच्या हाती गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. या काळात महापालिकेचं अंदाजपत्रक अधिकाऱ्यांनी मांडलं आणि मंजूरही अधिकाऱ्यांनीच केलं. आणि आपण काय बघत होतो? गुवाहाटीच्या हॉटेलात कोणता बंडखोर आमदार उतरला, कोण कुठल्या गटात गेलं, चिन्ह कुणाला मिळालं! नगरसेवकच नसलेल्या प्रभागात गटार तुंबलं तर दाद कुणाकडे मागायची, या प्रश्नासाठी रात्री नऊच्या चर्चेत कुणाचा घसा बसला नाही.

छापील वर्तमानपत्रांची कथाही कानाआड करू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचे गोडवे गाणारा मजकूर निरनिराळ्या दैनिकांत अक्षरशः सारखा छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं, तेव्हा पैसे देऊन छापून घेतलेल्या बातम्यांची चर्चा देशभर झाली. रोग मात्र मुळाशी आहे. तालुक्याच्या वार्ताहराला पगार बहुतेक ठिकाणी नाही. असलंच तर नावापुरतं मानधन, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या सभापतीच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायची, त्याच्याच रस्त्याच्या कामातली खडी तपासायला तो कुठल्या हिमतीने जाईल? तरी कुणी जातोच. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या जमीनव्यवहारांबद्दल लिहीत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. पत्रकारांवरील हल्ले रोखण्याचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच केला होता. पण वार्ताहराच्या पाठीशी गाव उभं नसेल, तर कायद्याचा कागद त्याला कितीसा वाचवणार?

आता रेडिओकडे या. हवेतल्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं. त्या निकालपत्रावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांची सही आहे. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओची दारं उघडली. माण तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखात, म्हसवडला, २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी बोलते आहे. शंभर वॉटची ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, आणि त्यात आपल्याच बोलीत बोलणारी आपलीच माणसं! पण या रेडिओच्या तोंडाला एक कुलूप आहे. त्याला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी ऐकवायची, बस्स. हवामान, परीक्षा, वीज-पाण्याच्या सूचना चालतात. म्हणजे नळाला पाणी किती वाजता येणार हे सांगायला मुभा. आठ दिवस पाणी का आलं नाही, हे विचारायला बंदी! खाजगी एफएमलाही हाच लगाम आहे. मग सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी आणि खिदळणं ऐकू येतं, यात नवल ते काय? वृत्तपत्र काढायला मोकळीक, चोवीस तास भांडणाऱ्या वाहिन्यांना परवाने, आणि दहा किलोमीटरच्या रेडिओची एवढी धास्ती? या धास्तीतच त्याचं सामर्थ्य दिसतं.

ते सामर्थ्य आपल्या मातीने अनुभवलं आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून यंत्र या जागेवरून त्या जागेवर हलवत राहिले, आणि नोव्हेंबरात पकडले गेले तेव्हा उषाताईंनी येरवड्याची वाट धरली. १९५५ मध्ये लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी आंबोलीच्या रानातून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध रेडिओचा आवाज सुरू केला आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तो थांबू दिला नाही. छापखान्याचं म्हणाल, तर मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ मुंबई-पुण्यातून नव्हे, नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवला. शेतकऱ्याची कैफियत शेतकऱ्याच्या दारातून छापली जायची. त्यांच्याकडे ना इंटरनेट होतं, ना मोबाइल. आपल्याकडे सगळं आहे; नाही ती हिंमत.

आणि ऐकणारे उठले तर काय होतं, तेही पाहा. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला. त्याविरुद्ध ओरड झाली, लोकप्रतिनिधींना तोंड उघडावं लागलं, आणि दिल्लीला तो आदेश थांबवावा लागला. पुणेकरांना जे जमलं ते बीडकरांना, चंद्रपूरकरांना, सिंधुदुर्गकरांना का जमू नये?

म्हणून उठा! तालुक्यात जो वार्ताहर खरं लिहितो, त्याच्या साप्ताहिकाची वर्गणी भरा. चहाला रोज पैसे मोजता, मग सत्य काय फुकट हवं? वाचकाच्या पैशावर उभं राहिलेलं पत्र सभापतीच्या वाढदिवसाकडे डोळे लावून बसत नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक आहे. आलेलं उत्तर कपाटात ठेवू नका, चावडीवर मोठ्याने वाचा. पत्रकाराला धमकी आली तर पोलीस ठाण्यात त्याला एकट्याला पाठवू नका, शंभर जण सोबत जा. मत मागायला येणाऱ्याला जात विचारू नका, पक्ष विचारू नका. पहिलं विचारा, आमच्या रेडिओचं कुलूप काढायला तू काय करणार? आणि आयाबायांनो, पाण्याचा हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो त्यांनीच माइक हातात घ्यायचा असतो. टंचाईचा खरा हिशेब तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे?

पहिलं पाऊल येत्या ग्रामसभेतच टाका. दोन ठराव मांडा: ग्रामपंचायतीचा जमाखर्च दर महिन्याला जाहीर वाचला जावा, आणि सामुदायिक रेडिओला स्थानिक बातम्यांचा हक्क मिळावा. सरपंच टाळाटाळ करील, ग्रामपंचायत अधिकारी नियम दाखवील. जागेवरून हलू नका. हात वर करा, मोजायला लावा, इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय घरी जाऊ नका. एका गावाचा ठराव टोपलीत जाईल. हजार गावांचे ठराव टाकायला दिल्लीत टोपली पुरायची नाही!