सोसली नाही

परवा कपाट आवरताना आईची जुनी फाईल हाती लागली. त्यात २००४ सालची एक चिठ्ठी, गुडघेदुखीसाठी रोफेकॉक्सिब. तेव्हा ही गोळी नवी होती आणि पोटाला त्रास देत नाही म्हणून तिचं फार कौतुक चालायचं. आईचे पाय आठवड्याभरात सुजले, बीपी चढलं. डॉक्टर म्हणाले, बंद करा. केली. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, "मला बाई ती गोळी सोसली नाही." संपला विषय!

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला मर्क कंपनीने आपली रोफेकॉक्सिबची गोळी जगभरातून मागे घेतली. कारण हार्ट अ‍ॅटॅक आणि पक्षाघाताचा वाढलेला धोका. अमेरिकेत ती १९९९ पासून विकली जात होती. २००० च्या एका मोठ्या चाचणीत, ज्या जुन्या औषधाशी तुलना होती त्यापेक्षा हिच्यावर जास्त अ‍ॅटॅक दिसले होते. कंपनीचं म्हणणं, ते जुनं औषधच हृदयाला जपत असावं. वा! भारतात डिसेंबर २००४ मध्ये बंदी आली.

कंपन्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालतो. पण साधा हिशेब बघा. दहा हजारांत एकाला होणारा त्रास तीन हजार लोकांच्या चाचणीत बहुधा दिसणारच नाही. शिवाय चाचणीत घेतलेली माणसं निवडून घेतलेली. आईसारखी बीपी, शुगर, गुडघे सगळं एकदम असलेली त्यात कमीच. म्हणजे खरी परीक्षा आपल्याच घरात होते, आणि आपण निकाल काकूंना सांगून मोकळे होतो. जणू दोष गोळीचा नाही, आपल्या अंगाचाच.

आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम चालतं. रुग्णही स्वतः कळवू शकतो, १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. खात्री लागत नाही, संशय पुरतो. (नातेवाईक मंडळी, नंबर लिहून घ्या. मला फोन करून विचारू नका!)

गेल्या महिन्यात आईला शुगरची नवी गोळी दिली आणि अंगावर पुरळ उठलं. या वेळी मी फॉर्म भरायला बसलो. गोळीचं नाव, कधी सुरू केली, कधी थांबवली... रिकामी स्ट्रिप कचऱ्यातून शोधून काढावी लागली. आई बाजूला उभी राहून बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "डॉक्टरांना राग नाही ना रे येणार?"