बोस्टनच्या शाळा आणि हद्दीचा अखत्यार

अमेरिकेतील शहरी शाळांचा इतिहास बोस्टनपासून सांगण्याची प्रथा आहे, आणि ती निराधार नाही. जेथे १६३५ मध्ये लॅटिन शाळा निघाली, १८२१ मध्ये देशातील पहिले सार्वजनिक हायस्कूल उभे राहिले, आणि जेथील शिक्षणमंडळाचे चिटणीस या नात्याने होरेस मान यांनी १८३७ ते १८४८ या काळात, धनिकांच्या व मजुरांच्या मुलांनी सर्वांच्या करांवर चालणाऱ्या एकाच शाळेत शिकावे, हा विचार गावोगाव नेला, त्या मॅसॅच्युसेट्स राज्याची ही राजधानी. परंतु या शहराचा शैक्षणिक इतिहास बारकाईने पाहिला असता माझे मत असे झाले आहे की, शाळा मोफत करणे हे काम तुलनेने सुकर होते. कोणत्या मुलाने कोणत्या शाळेत जावे हे ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, हाच तेथील खरा वाद होता, आणि तो अद्यापि मिटलेला नाही.

मान यांच्याच कारकिर्दीत बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा निराळ्या होत्या. बेंजामिन रॉबर्ट्स या मुद्रकाची पाच वर्षांची कन्या सेरा हिला नेमून दिलेल्या शाळेच्या वाटेवर गोऱ्या मुलांच्या पाच शाळा लागत. जवळच्या शाळेसाठी केलेले अर्ज नामंजूर झाले, तेव्हा पित्याने शहरावर फिर्याद लावली. चार्ल्स सम्नर आणि अमेरिकेतील अगदी आरंभीच्या कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक असलेले रॉबर्ट मॉरिस यांनी हा कज्जा चालविला. निराळी शाळा अध्यापनात कितीही चांगली असली तरी तिच्यामुळे एका वर्णावर हीनत्वाचा शिक्का बसतो, आणि दुसऱ्या वर्णाच्या मुलांची मनेही कोवळ्या वयातच दूषित होतात, असे सम्नर यांनी १८४९ च्या डिसेंबरात न्यायालयापुढे प्रतिपादन केले. १८५० मध्ये मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी फिर्याद फेटाळली. मुलांची वाटणी करणे हा शाळासमितीचा अधिकार आहे, आणि समाजातला पूर्वग्रह कायद्याने उत्पन्न केलेला नसून बहुधा कायद्याने तो पालटताही येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. विल्यम कूपर नेल व त्यांचे सहकारी मात्र स्वस्थ बसले नाहीत. त्यांच्या अविरत खटपटीने १८५५ मध्ये राज्याच्या कायदेमंडळाने वर्णावरून शाळाप्रवेश नाकारण्यास मनाई केली. तरीही शॉ यांच्या निकालाचे वजन कमी झाले नाही. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात वर्णवार विभागणी वैध ठरविताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.

पुढे शतक उलटून गेल्यावर तोच अखत्यार पुन्हा न्यायासनापुढे आला. हद्दी आखताना व मुलांची वाटणी करताना बोस्टनच्या शाळासमितीने वर्णभेद जाणूनबुजून राखला आहे, असा निर्णय न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी २१ जून १९७४ रोजी दिला, आणि त्यानंतर मुलांना बसगाड्यांतून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीतील शाळेत नेण्याचा हुकूम झाला. १२ सप्टेंबर रोजी शाळा उघडल्या, तेव्हा दक्षिण बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगडफेक झाली. ज्यांनी दगड मारले त्यांचे समर्थन कोणत्याही सुज्ञास करता येणार नाही. पण हेही नमूद केले पाहिजे की, हुकुमाची अंमलबजावणी शहराच्या वेशीपाशी थांबत असल्यामुळे तिचा भार दक्षिण बोस्टनच्या आयरिश कामकऱ्यांवर आणि रॉक्सबरीच्या कृष्णवर्णीय कुटुंबांवर पडला, आणि वेशीबाहेरील सधन उपनगरे निर्धास्त राहिली.

ती वेस सर्वोच्च न्यायालयाने त्याच उन्हाळ्यात अधिक भक्कम केली. डेट्रॉइटच्या खटल्यात २५ जुलै १९७४ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले की, उपनगरांच्या वर्णभेदी वर्तनाचा पुरावा नसताना त्यांच्या शाळा शहराच्या योजनेत ओढता येणार नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी, टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या खटल्यात, तितक्याच निसटत्या बहुमताने, शाळांचा खर्च स्थानिक घरपट्टीवर सोपविणारी पद्धत राज्यघटनेस बाधक नाही असा निकाल झाला होता; मग ज्या वस्तीत घरांची किंमत अल्प तेथील पालकांनी कराचा दर कितीही चढविला तरी शाळेच्या तिजोरीत थोडेच पडावे, हे ओघानेच आले.

स्थानिक स्वायत्तता ही अमेरिकन लोकजीवनातील श्रेष्ठ परंपरा आहे, आणि शाळा पालकांच्या नजरेसमोर राहावी या इच्छेत गैर काही नाही. परंतु १८५० मध्ये शाळासमितीचा आणि १९७४ मध्ये उपनगरांचा जो अधिकार न्यायालयांनी जपला, त्याची किंमत दोन्ही वेळा मुलांनी दिली, हे विसरता येत नाही. शाळेचा खर्च राज्याच्या एकत्रित महसुलातून मुलांच्या गरजेनुसार वाटला जावा, आणि हद्दी आखण्याचे काम त्या हद्दींचा लाभ घेणाऱ्यांच्या एकट्याच्या हाती राहू नये, या दोन सुधारणा झाल्याखेरीज होरेस मान यांनी आरंभिलेले कार्य अपुरेच राहील.