श्रेयाचा ताळेबंद



अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलानातवंडांच्या बोलण्यात ‘क्वार्टरबॅक’ हा शब्द वारंवार येतो. तेथील फुटबॉलमध्ये चेंडू मुख्यतः हातांनी खेळला जातो. क्वार्टरबॅक तो दूरवर फेकतो आणि धावत जाऊन तो झेलणारा खेळाडू म्हणजे ‘रिसीव्हर’. कीर्ती मात्र प्रामुख्याने फेकणाऱ्याच्या वाट्याला येते.

क्वार्टरबॅकचे मोजमाप करणाऱ्या ‘पासर रेटिंग’मधील नोंदी पाहण्यासारख्या आहेत. अचूक फेकलेला चेंडू झेलणाऱ्याच्या हातून निसटला, तरी अपयश फेकणाऱ्याच्या नावे पडते. उलट, जवळच झेललेला चेंडू घेऊन रिसीव्हर साठ यार्ड धावला, तर ते सारे अंतर फेकणाऱ्याच्या खाती जमा होते. एकाची कमाई दुसऱ्याच्या खात्यात दाखविणाऱ्या हिशेबाला आपण काय म्हणू?

टॉम ब्रेडी हा या खेळातील थोर नायक. 2006 च्या हंगामात त्याच्या फेकींवर 24 टचडाउन झाले. पुढील वर्षी रँडी मॉस हा असामान्य रिसीव्हर संघात आला आणि ही संख्या 50 वर गेली. त्यांपैकी 23 एकट्या मॉसने झेलले होते. 2008 मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडी जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला मॅट कॅसल शालेय जीवनानंतर एकाही सामन्यात प्रारंभीचा क्वार्टरबॅक नव्हता, तरीही संघाने 16 पैकी 11 सामने जिंकले.

मग नायकाचे कर्तृत्व खोटे मानावे काय? तसेही नाही. 2022 मध्ये टायरीक हिल हा वेगवान रिसीव्हर पॅट्रिक महोम्सला सोडून मायामीला गेला. तेथील टुआ टागोवायलोआचे रेटिंग 90.1 वरून 105.5 वर, म्हणजे त्या हंगामात सर्वोच्च स्थानी पोहोचले. इकडे महोम्सनेही हिलवाचून त्याच वर्षी विजेतेपद मिळविले. पुढील हंगामात सहकाऱ्यांच्या हातून झेल निसटत राहिले, महोम्सचे टचडाउन 41 वरून 27 वर घसरले, तथापि विजेतेपद टिकले. त्या यशात बचावफळीचा वाटा मोठा होता.

आपल्या शास्त्रात यासाठी नेमके शब्द आहेत : उपादान आणि निमित्त. घट मातीचाच होतो, परंतु कुंभाराचे निमित्त लागते. केवळ उपादान पाहणे किंवा केवळ निमित्त पाहणे, दोन्ही एकांतच.

आपल्या पेढ्यांवर हा एकांत नित्य घडतो. एका मुलाकडे भर बाजारपेठेतील वडिलोपार्जित दुकान, जुने मुनीम आणि तीन पिढ्यांची गिऱ्हाइके येतात. दुसऱ्याला नव्या वसाहतीत नवखे नोकर घेऊन आरंभ करावा लागतो. दिवाळीच्या वहीपूजनानंतर मात्र दोघांचा केवळ नफा शेजारी मांडला जातो. एक ‘कर्तबगार’ ठरतो, दुसरा ‘कच्चा’. हा शिक्का सुनांच्या मनात उतरतो, नातवंडांच्या कानी पडतो आणि वाटणीच्या वेळी कटुतेच्या रूपाने बाहेर येतो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी नफ्याचा आकडा वाचण्यापूर्वी आणखी एक रकाना आखावा : ‘हाती काय दिले होते?’ तो भरल्यावाचून कोणाच्याही कर्तृत्वाचा ताळेबंद पूर्ण होत नाही.