‘सेंडफाइल ऑफ’ कोणाच्या सांगण्यावरून?

या महिन्याच्या टपालात एकच रडगाणे पुन्हा पुन्हा आले आहे. ग्राहकाच्या सुरक्षा तपासणीच्या यादीत ‘सेंडफाइल ऑफ’ ही ओळ सक्तीची आहे. का, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘यादीत आहे म्हणून.’

ही ओळ मुळात व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधली. बाहेरच्या मशीनवर फाइल बदलली तरी आतला एनजिनएक्स किंवा अपाची सेंडफाइलमधून जुनाच, कधी मोडका मजकूर देई. तेव्हा डेव्हलपरच्या लॅपटॉपपुरता तो पर्याय बंद ठेवा, असा साधा सल्ला होता. कॉपी-पेस्ट होत होत तो प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर पोचला आणि तिथे चक्क सुरक्षेचा नियम झाला! आता फाइलचा प्रत्येक बाइट पेज कॅशमधून प्रोग्रॅमच्या बफरात येतो, तिथून पुन्हा कर्नलच्या सॉकेट बफरात जातो. ही हमाली टाळणारा सेंडफाइल हा सिस्टिम कॉल लिनक्समध्ये १९९९ साली, २.२ आवृत्तीत आला. सीपीयूवरचा भार दिसला की ही ओळ सक्तीची करणारे साहेबच मोठ्या मशीनच्या खरेदीवर सह्या करतात.

‘चालू करून पाहिले, फरक पडला नाही’ असेही काहींनी कळवले आहे. एचटीटीपीएसवर कसा पडेल? एन्क्रिप्शन प्रोग्रॅममध्ये होत असेल तर मजकूर तिथे आणावाच लागतो. कर्नल टीएलएस, त्याच्या सोयीसह बिल्ड केलेले ओपनएसएसएल ३.० आणि एनजिनएक्स १.२१.४, किंवा यांच्या पुढच्या आवृत्त्या, असे सगळे जुळले तरच बोला.

पण आपली मंडळीही काही कमी नाहीत. छापण्यासाठी आलेल्या बहुतेक कोडमध्ये सेंडफाइल एकदा बोलावले की फाइल गेली, असे धरलेले असते. परत आलेला आकडा कोणी बघतच नाही. नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर कॉल निम्म्यातून परततो, बफर भरला की ‘ईअगेन’ मिळते. लिनक्स तर एका कॉलमध्ये २,१४,७४,७९,५५२ बाइटांच्या वर जातच नाही. लोकलहोस्टवर टेस्ट पास, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पीडीएफ अर्धी. ज्यांनी लूप लिहिला, त्यांनी शून्य तपासलेले नसते. पाठवता पाठवता फाइल कोणी छोटी केली, तर तो लूप तिथेच फिरत बसतो.

तेव्हा आधी आपला लूप नीट करा आणि मग तपासनिसाकडे लेखी मागा: कोणता दोष, कोणत्या फाइलसिस्टिमवर, कोणत्या आवृत्तीत? येईल ते उत्तर आमच्याकडे पाठवा. ग्राहकाचे नाव वगळून पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू.