ईयोबाचा तिसरा अध्याय

माझा धाकटा भाऊ गेला, त्या आठवड्यात घरी येणारा जो तो ईयोबाच्या पहिल्या अध्यायातले वचन घेऊन येई. देणारा तोच, नेणाराही तोच, म्हणून त्याला धन्यवाद द्यावा, अशा आशयाचे. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने आईला सांगितले, "रडू नका बाई. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. आपण रडलो तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल." आईने पदराने डोळे पुसले आणि ती गप्प झाली. त्यानंतर कित्येक महिने तिला मोठ्याने प्रार्थना करताना मी ऐकले नाही. त्या माणसाच्या मनात कळवळाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्याने सांगितले ते चूक होते, आणि ते ख्रिस्ती विश्वास म्हणून सांगितले गेले. म्हणून हे लिहितो आहे.

ईयोबाच्या पुस्तकाचे 42 अध्याय आहेत. पहिल्या अध्यायात ईयोब ते वचन बोलतो, हे खरे. पण तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो, आणि पुढे अध्यायामागून अध्याय देवाकडे जाब मागत राहतो. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र त्याला समजावतात, देव न्यायी आहे, तू नम्र हो, तुझेच काही चुकले असेल. वाक्य न् वाक्य धार्मिक. शेवटच्या अध्यायात देव निवाडा देतो, तेव्हा तो या मित्रांवर रागावतो आणि ईयोब आपल्याविषयी योग्य ते बोलला असे सांगतो. सांत्वनाला जाताना आपण ईयोबाचे वचन बरोबर नेतो, पण तिथे बसून बोलतो ते त्याच्या मित्रांचे. सुरुवातीला ते मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. त्यांनी केलेले खरे सांत्वन तेवढेच.

मित्र देवाविषयी बोलत होते, आणि ईयोब मध्येच त्यांच्याकडे पाठ फिरवून देवाशीच बोलू लागत होता. प्रार्थना कशाला म्हणावे, हे मला या फरकावरून कळते.

रडण्याविरुद्ध पौलाचा दाखला देतात. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका म्हणतो. पण हे शोकाच्या प्रकाराविषयीचे बोलणे आहे, शोकबंदी नव्हे. लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. गेथशेमाने बागेत त्याने प्याला टळावा अशी विनवणी एकदा नाही, तीनदा केली. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आली ती बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात, म्हणजे देवाने टाकून दिल्याची तक्रार. ही तक्रार अविश्वासाची असेल, तर मग विश्वास कोणाकडून शिकायचा?

मागच्या हिवाळ्यात कामासाठी कोलकात्याला जाणे झाले. एस्प्लनेडला मेट्रोतून वर आलो. फेरीवाले, बसवाल्यांच्या हाका, कोपऱ्यावर टिपू सुलतानाच्या मुलाने 1842 साली बांधलेली मशीद. तिथली माणसे या भागाला अजून धर्मतला म्हणतात. मशिदीपासून थोड्याच अंतरावर लेनिन सरणीवर सेक्रेड हार्ट चर्च आहे, 1834चे. आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली माणसे. कॅथलिक देवळात पाय टाकताना जरा अवघडतो. तरी आत गेलो, कारण भाऊ गेल्याला तेव्हा वर्ष पुरे होत होते आणि कुठेतरी बसायला हवे होते. बाकावर बसल्यावर पंडिता रमाबाई आठवल्या.

रमाबाई आणि त्यांचे थोरले भाऊ श्रीनिवासशास्त्री 1878 साली या शहरात आले. त्याआधी दुष्काळात आई, वडील आणि बहीण अशी तिघे थोड्याच अवधीत गेली होती. कोलकात्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इथेच दोघे भावंडे प्रथम ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला गेली. माणसे खुर्च्यांपुढे गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली पाहून, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. मला ही आठवण फार मोलाची वाटते. प्रार्थना बाहेरून पाहिली तर समोर खुर्चीच दिसते. शोकात आतूनही कधी कधी तेवढीच दिसते.

पुढे 1880 साली भाऊ गेला. 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण डोळे झाकून नव्हे. त्रैक्याचा सिद्धांत, चमत्कार, चर्चचा अधिकार यांवर सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेली ती पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली छापली आहेत. रमाबाईंच्या या शंका शोकातून आलेल्या नव्हत्या, बुद्धीच्या होत्या, हे मान्य. तरी ज्या बाईने विश्वासात पाऊल टाकतानाच प्रश्न विचारण्याचा हक्क सोडला नाही, तिच्या नावाने आमच्या मंडळ्यांत दिवस पाळले जातात आणि प्रश्न विचारणाऱ्याला मात्र गप्प बसवले जाते, याचा मला संताप येतो. मनोरमाबाई 1921च्या जुलैत वारल्या. एकुलती एक लेक गमावलेली आई त्यानंतर केडगावात मराठी बायबलचे भाषांतर पुरे करण्याच्या कामात राहिली आणि 5 एप्रिल 1922 रोजी गेली. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून तिने मराठीत आणलेल्या त्या बायबलात ईयोबाचा तिसरा अध्यायही आहे.

चर्चमधून निघालो तो लेनिन सरणीने पूर्वेला मौलालीपर्यंत चालत गेलो आणि तिथून आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्याने मदर हाउसला. तळमजल्यावर मदर तेरेसांची साधी कबर आहे. येथून दुसरा पूर्वपक्ष सुरू होतो, आणि तो चर्चबाहेरच्यांचा आहे.

1950 साली मदर तेरेसांनी आपला संघ स्थापन केला. त्याच सुमारास त्यांची प्रार्थना आतून विझली. 1958 साली काही दिवस उजेड आला आणि पुन्हा गेला; पुढची सगळी वर्षे अंधाराची. आर्चबिशप पेरिये आणि आपले इतर आध्यात्मिक मार्गदर्शक यांना त्यांनी हे लिहिले आणि पत्रे जाळून टाका अशी विनंती केली. ती जाळली गेली नाहीत. 2007 साली पुस्तकात आली. तेव्हा टीकाकार म्हणाले, पाहा, जगाला देवाचे प्रेम सांगणारी बाई मनात रिकामी होती. हसू ढोंगाचे आणि विश्वास कधीच संपलेला.

विश्वास संपलेला माणूस काय करतो? तो प्रार्थना सोडतो. तेरेसा पहाटे उठून चॅपलमध्ये बसत आणि ज्याचा आवाज येत नाही त्यालाच, तू कुठे आहेस, असे विचारत. ढोंगी माणूस आतला अंधार कोणालाच दाखवत नाही. त्यांनी तो ज्यांना दाखवायचा त्यांना दाखवला, आणि देवाला तर रोज. 1961 साली पुण्यात धर्मशास्त्र शिकवणारे ऑस्ट्रियन येशूसंघी फादर योसेफ नॉयनर कोलकात्याला साधनाशिबिर घ्यायला आले, तेव्हा तेरेसांनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले. नॉयनर यांचे सांगणे असे की यावर माणसाच्या हाती इलाज नाही. देव जवळ असल्याचा अनुभव हा काही त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नाही. आणि त्याची तहान लागणे हीच त्याच्या जवळ असण्याची खूण आहे. यातले तिसरे विधान न मानणाऱ्याला पटणार नाही. तहान लागली म्हणून पाणी असलेच पाहिजे असे नाही, हे तो म्हणेल, आणि तर्काच्या पातळीवर त्याचे बरोबर आहे. मी ते देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मांडत नाही. ढोंगाचा आरोप मात्र त्याने उरत नाही, कारण तहानेचे सोंग पन्नास वर्षे कोणी एकांतात आणत नाही.

तेरेसांचेही एक मला पटत नाही. ते सततचे हसू. ते त्यागाचे होते हे मी मानतो, पण संतांना कोरड पडत नाही असे त्या हसऱ्या फोटोंवरून किती जणांनी समजून घेतले असेल! पत्रे जळली असती तर माझ्या आईसारख्या बायांना कळलेच नसते की मौनातही कोणी एवढी वर्षे चिकटून राहिले होते.

सर्वांत वजनदार आक्षेप आमच्या पाळकांनी मला घरी येऊन सांगितला. तक्रारीलाच प्रार्थना म्हटले तर माणूस त्यातच घर करून राहील आणि मन कडू होईल. याला उत्तर दिले पाहिजे. मन कडू होते हे मी पाहिले आहे, माझेही झाले होते. पण ते झाले ते देवाशी बोलणे बंद केल्यावर, त्याच्याविषयी लोकांशी बोलू लागल्यावर. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाची आहेत. बहुतेकांच्या शेवटी स्तुती येते, म्हणून कोणी म्हणेल की तक्रार ही फक्त पायरी. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तसे नाही. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. संकलन करणाऱ्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही आणि ते वगळलेही नाही. उपासनेत म्हणण्यासाठी ठेवले. ज्या रात्री स्तुती ओठांवर येतच नाही, त्या रात्रीसाठीही शब्द तयार आहेत. फक्त ते देवाला उद्देशून हवेत. त्या स्तोत्रातला माणूस रात्रंदिवस हाक मारतो ती त्यालाच.

मराठी माणसाला हे शिकायला परदेशी जायची गरज नाही. दुष्काळात बायको आणि मूल गेलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी किती भांडण केले! जनाबाईने त्याला काय काय ऐकवले! नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या पुलावरून येताना आपण अभंगाचा छंद आणला, टाळ-चिपळ्या आणल्या. देवाशी हक्काने भांडणे मात्र पलीकडेच राहून गेले. माझे पाळकांना एवढेच मागणे आहे की पुढच्या अंत्यविधीला त्यांनी एकदा अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचावे, अखेरपर्यंत, आणि लगेच उपदेश सुरू करू नये.

संध्याकाळी पुन्हा एस्प्लनेडला आलो. सेक्रेड हार्टमध्ये दिवे लागले होते. पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई गुडघ्यावर होती, तिचे खांदे हलत होते, आणि तिला कोणी काही सांगत नव्हते. मी मागे गुडघे टेकले. समोर बाकाची पाठ होती, वापराने गुळगुळीत झालेली. तिच्यावर कपाळ टेकवले आणि भावाचे नाव घेऊन विचारले, त्यालाच का नेलेस? उत्तर आले नाही. आईलाही इथे आणावे असे वाटले. मग तेच पुन्हा विचारले.